कावळा फक्त आईच्याच डोक्यात टपली का मारतोय?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात. त्यांच्या आई ६४ वर्षांच्या, मधुमेह आहे, डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय. सकाळी साडेसहाला घरातून निघून विद्यापीठाच्या बाजूला माळापर्यंत जाऊन येतात. गेले आठ दिवस गल्लीच्या तोंडाला, गुलमोहराखाली, एक कावळा मागून येऊन त्यांच्या डोक्याला लागतो. दोनदा नखं केसांत अडकली, एकदा रक्त आलं. गल्लीतून शंभर माणसं जातात, पण बाकी कुणाला तो काही करत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, यंदा वर्षश्राद्ध राहिलंय, पितर आलेत. सोसायटीतली मंडळी म्हणतात, फांदीच उतरवून टाकू. तिथून सुटून आई माळावर पोचल्या की तिथं दोन टिटव्या ओरडत अंगावर येतात. आता त्यांनी फिरणंच बंद केलंय. शेवटी ताईंनी जाता जाता लिहिलंय, ‘आई पक्ष्यांना कधी त्रास देत नाही, उलट मागच्या आठवड्यात रस्त्यात पडलेलं कावळ्याचं पिल्लू तिनंच उचलून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं.’

ताई, आधी जखमेचं बघू. साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती नीट धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर घेऊन टाका. रेबीजची भीती नको, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कावळ्यानं ओरबाडलं म्हणून कुत्र्याची इंजेक्शनं घ्यायला धावलेली माणसं मी बघितलीत. आईंना साखर आहे म्हणून खपली धरेपर्यंत जखमेवर रोज नजर ठेवा. डोळ्याला लागलं असतं तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा म्हणालो असतो. तिथं घरचे उपाय नकोत.

आता कावळा. तुम्ही सगळ्यात शेवटी, सहज म्हणून जे लिहिलंय तेच उत्तर आहे. आईंनी पिल्लू उचललं. आपल्या लेखी ते पुण्य. वर फांदीवर बसलेल्या आई-बापाच्या लेखी दोन पायांचं एक भलंमोठं जनावर आलं, त्यानं पोराला पंजात धरलं, पोर ओरडलं. पुढं त्या जनावरानं पिल्लू भिंतीवर ठेवलं की खाल्लं, हा बारकावा त्या घाईत कोण बघतंय? चेहरा तेवढा बघून ठेवला.

चेहरा हा शब्द मी उगाच वापरत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी २००६ साली एक प्रयोग सुरू केला. ठरावीक मुखवटा घालून त्यांनी सात कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही त्या आवारातून गेलं की कावळे ओरडत मागं लागायचे. दुसरा मुखवटा घातला तर ढुंकून बघायचे नाहीत. डोक्यावर टोपी घालून बघितली, मुखवटा उलटा लावून बघितला, तरी फसले नाहीत. वर्षं गेली तसे ओरडणारे वाढतच गेले, कारण ज्यांना कधी पकडलंच नव्हतं ते कावळेही दुसऱ्यांचं बघून शिकले. तो तिकडचा कावळा, आपला गावकावळा वेगळ्या जातीचा, पण कुळ एकच. आणि गेल्या पंचवीस वर्षांत ‘मलाच मारतो, शेजाऱ्याला नाही’ ही तक्रार घेऊन माझ्याकडं जेवढी माणसं आली, त्यांतल्या बहुतेकांनी आदल्या चार-आठ दिवसांत पिल्लाला हात तरी लावला होता, नाहीतर काठीनं कावळा हाकलला होता.

आईंनी चूक केली असं मात्र समजू नका. रस्त्यात मोटारी आहेत, कुत्री आहेत, भिंतीवर ठेवलं ते बरोबरच केलं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खोटी आहे. टाकत असते तर या कावळ्यानं आठ दिवस डोक्यात टपल्या मारल्याच नसत्या.

हे किती दिवस चालणार, ते वेळापत्रकावरून सांगता येतं. आपल्याकडं गावकावळ्यांची वीण मुख्यतः एप्रिल ते जून. मादी सोळा-सतरा दिवस अंडी उबवते, मग तीन-चार आठवडे पिल्लं घरट्यात असतात. त्यानंतर पिल्लू घरट्याबाहेर येतं तेव्हा पंख फुटलेले असतात पण अंगात उडण्याचं बळ नसतं. या फांदीवरून त्या फांदीवर धडपडतं, कधी खाली पडतं, कधी भिंतीवर बसून तोंड उघडून भीक मागतं. तुमच्या गल्लीतलं पिल्लू याच अवस्थेत आहे. आई-बाप सगळ्यात जास्त चिडतात तेही याच काळात, कारण एवढं वाढवलेलं पोर आता जमिनीच्या जवळ आलेलं असतं. अंडी गेली तर पक्षी पुन्हा घालू शकतो, महिनाभर भरवलेलं पिल्लू गेलं तर सगळा हंगाम हातचा जातो. म्हणून विणीच्या सुरुवातीला जो पक्षी नुसता ओरडतो तोच शेवटी अंगावर येतो. अजून आठ-दहा दिवस धरा. पिल्लू गुलमोहराच्या वरच्या फांदीवर जाऊन बसायला लागलं की प्रकरण थंड होतं.

हा हल्ला हळूहळू वाढण्यामागं अजून एक कारण आहे, आणि त्यात थोडा हात आपलाही असतो. कावळा येतो, आई घाबरून झपाझप पुढं जातात. आईंना ठाऊक आहे की त्या फिरायला निघाल्यात, थांबणार नव्हत्याच. कावळ्याला ते ठाऊक नाही. त्याला दिसतं एवढंच, की आपण टपली मारली आणि एवढं मोठं जनावर पळालं. उद्या पुन्हा आलं, पुन्हा मारली, पुन्हा पळालं. आठ दिवसांत आठ लढाया जिंकलेला पैलवान नवव्या दिवशी कसा उतरेल, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. घरट्यापाशी त्याच त्या माणसानं रोज येऊन जाण्यानं पक्ष्याची भीड अशी चेपते, हे अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच मांडलंय. पोस्टमन, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा यांच्यावर पक्षी जास्त धावतात ते त्यामुळंच.

तर उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे रस्ता बदलणं. अख्खा नाही, ते गुलमोहराचं झाड आणि पिल्लू बसतं ती भिंत, एवढाच तुकडा टाळायचा. कावळ्याची हद्द फार मोठी नसते, समोरच्या फुटपाथवरून गेलं तरी बऱ्याचदा भागतं. आणि ते जमत नसेल तर छत्री. उघडून, जरा मागं कलती धरून चालायचं. डोकं झाकलं जातं, चेहरा झाकला जातो, आणि कावळ्याला उतरायला जागाच राहत नाही. टोपीनं मार वाचतो पण ओळख लपत नाही. छत्रीला लोक हसतील म्हणून आई तयार होणार नाहीत, असं मला वाटतंय. त्यांना सांगा, मे महिन्यात उन्हाची छत्री नेली तर कोण हसतंय.

तिसरी गोष्ट नजरेची. पक्षी जवळजवळ नेहमी मागून येतो. डोळ्याला डोळा असेल तर त्याला धीर होत नाही. झाडापाशी आल्यावर पळायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, मान वळवून त्याच्याकडं बघत सावकाश पुढं जायचं. सुंदरबनात लाकूडतोडे आणि मध काढणारे लोक वाघाला फसवायला डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधायचे, त्यामागचं तत्त्व हेच. वाघाला काही काळ तो पटला म्हणतात. कावळा किती दिवस फसेल यावर मी पैज लावणार नाही.

काठी, दगड, बेचकी, फटाके यांतलं काही नको. तुम्ही एकदा दगड मारलात की तुमच्याही चेहऱ्याची नोंद होणार, मग घरात दोन छत्र्या लागतील.

फांदी उतरवण्याबद्दल. सोसायटीतल्या मंडळींना दोन कायदे दाखवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला उपद्रव देणं हे येतं. आणि शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते, मालकी तुमची असली तरी. पण मला विचाराल तर कायद्याच्याही आधी हिशोबाची गोष्ट आहे. घरटं पाडलं की वर असलेली पिल्लं खाली येतात, म्हणजे जे झाडावर चाललं होतं ते पार्किंगमध्ये येतं, आणि पाडताना बघणारी कावळ्यांची सगळी जमात साक्षीदार असते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका सोसायटीनं ऐन मे महिन्यात हेच केलं आणि आंब्याच्या पेटीत तीन पिल्लं घालून माझ्या दारात आणून ठेवली. ‘कावळ्याची तीन पोरं’ म्हणाले. दोन कावळ्याची होती. तिसरी कोकिळा होती, अंगावर पांढुरके ठिपके असलेली. कोकिळेनं आपलं अंडं तिथं घातलेलं, कावळे ते पोर आपलंच समजून वाढवत होते आणि त्याच्यासाठीही लोकांच्या डोक्यात टपल्या मारत होते. तुमच्या भिंतीवरचं पिल्लू एकदा नीट बघा, लांबून. सांगता येत नाही.

पितरांचं. शेजारच्या काकूंशी वाद घालू नका. श्राद्ध राहिलं असेल तर करा, तो तुमच्या घरचा विषय आहे. पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवावा म्हणून हात जोडून ताटकळलेली माणसं मी पण बघितलीत आणि त्या रांगेत मी पण उभा राहिलोय. पण चैत्र-वैशाखातला कावळा स्वतःच्या घरचं बघत असतो, आपल्या घरचं नाही. माझ्या लहानपणी पन्हाळ्याच्या बाजूला आमच्या गावात चुलत्याच्या डोक्याला असाच कावळा लागला. आजीनं पाहुण्यांकडं चुलता गेल्याचा निरोप धाडला. खोटी का होईना रडारड झाली की अरिष्ट टळतं, अशी जुनी समजूत. संध्याकाळी आत्या छाती पिटत वेशीतून आली तेव्हा चुलता गोठ्यात म्हशीची धार काढत बसला होता. घरट्याचं झाड गोठ्याच्या दारातच होतं, ते मला पुढं पंधरा वर्षांनी सुचलं.

हे सगळं कावळ्याचं आहे म्हणून मी हसत लिहितोय. घार असती तर हसलो नसतो. कावळा आधी ओरडतो, दोन-चार हुलकावण्या देतो, मग मारतो. घार मागून येते आणि आवाज करत नाही. तिची नखं म्हणजे आकडे. कॉलेजात असताना निलगिरीवरचं घारीचं घरटं बघायला मी शेजारच्या गच्चीच्या टाकीवर चढलो होतो. दोन्ही हातांनी शिडी धरलेली. कानामागं कुणीतरी चापट मारल्यासारखं वाटलं, हात लावला तर ओला. तीन टाके पडले. आणि ते झालं ते बरं झालं, दचकून शिडी सुटली नाही एवढंच नशीब. घारीच्या बाबतीत खरा धोका असा दचकून पडण्याचा आहे. घारी हिवाळ्यातच घरटी बांधायला लागतात आणि पिल्लं पावसाआधी उडतात, म्हणजे नेमका गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घालायचा हंगाम. बायका वाकून चिकाच्या कुरडया घालताहेत आणि समोरच्या नारळावर घरटं, अशा तक्रारी दरवर्षी येतात. त्यांना माझं सांगणं, कठड्यापासून आत बसा, एकीनं घालायचं आणि दुसरीनं घारीकडं तोंड करून उभं राहायचं. दिल्लीत घारींचा अभ्यास झालाय, त्यात दिसलं की जिथं कचरा भरपूर आणि लोक घारींना मांसाचे तुकडे टाकतात, तिथल्या घारी घरट्यापाशी माणसावर जास्त बेधडक येतात. घारीला हौसेनं मटणाचे तुकडे उडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कोतवाल पक्ष्याचं एका ओळीत: तो घारीलाही पिटाळतो, माणसाच्या डोक्याजवळून सूर मारतो, पण त्याच्यानं जखम होत नाही. त्याच्या आसऱ्यानं बुलबुल, होले, हळद्या त्याच झाडावर संसार मांडतात, तेव्हा त्याला ओरडू द्या.

राहिल्या टिटव्या. इथं मात्र मला आईंपेक्षा टिटवीची काळजी आहे.

टिटवी मारत नाही. तीरासारखी डोक्याकडं येते, टी-टी-टिव करत कानठळ्या बसवते आणि हातभर अंतरावरून वळते. सगळा खेळ आवाजाचा आणि सोंगाचा. कधी पंख मोडल्यासारखी लंगडत पुढं पळते, म्हणजे कुत्रं किंवा मुंगूस तिच्या मागं जावं. घरटं असं काही नसतंच. माळावर खड्यांत एक उथळ खळगा, त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली, मातकट रंगावर काळे डाग. दोन पावलांवरून दिसत नाहीत. मी एकदा टिटवी ओरडतेय तिथं घरटं असणार म्हणून तिच्या दिशेनं चालत गेलो आणि पाय टेकवणार एवढ्यात खाली अंडी दिसली, पण तिच्या विरुद्ध बाजूला. तेव्हा कळलं. अंड्यांवर बसलेली टिटवी माणूस लांब असतानाच गुपचूप उठते, पायी थोडं अंतर कापते आणि मग दुसरीकडून आरडाओरडा सुरू करते. तिचा आवाज म्हणजे पत्ता नव्हे. बऱ्याचदा तो पत्ता चुकवण्यासाठीच असतो.

म्हणून टिटवी ओरडायला लागली की शोधायचं नाही, फोटो काढायला थांबायचं नाही, मुलांना दाखवायचं नाही. आल्या पायवाटेवरूनच पुढं निघून जायचं. थांबलात तर काय होतं? अंडी असतील तर मे महिन्याच्या उन्हात ती उघडी पडतात. एरवी टिटवी स्वतः सावली धरून उभी राहते, पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. पिल्लं असतील तर आईचा इशारा मिळाला की ती जिथं असतील तिथं जमिनीला चिकटून पडतात आणि तुम्ही जाईपर्यंत हलत नाहीत. शिवाय विजेच्या तारेवर बसलेले कावळे तुमच्याकडं बघत असतात. माणूस कुठं वाकला, कुठं घुटमळला, ते त्यांना बरोबर कळतं. तुमची पाठ फिरली की ते उतरतात. आणि घरटं योगायोगानं दिसलंच तर कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती दगडांचं कडं रचू नका. हेतू चांगला असतो, पण त्यानं पोरांना आणि कावळ्यांना पाटी लावल्यासारखं होतं. तिथून गाड्या जात असतील तर जागेच्या राखणदाराला सांगून गाडीची वाट लांबून वळवून घ्या, बास.

टिटवी अंडी साधारण अठ्ठावीस ते तीस दिवस उबवते. पिल्लं फुटल्यावर एका दिवसात चालायला लागतात आणि खळगा सोडून देतात, पण उडायला महिन्याहून जास्त लागतो. म्हणजे कावळ्याचं मिटलं तरी माळावरचा गोंधळ पावसाळ्यात जाईल. आईंनी माळ आडवा कापून जाणारी पायवाट तेवढी सोडावी आणि डांबरी रस्त्यानं वळसा घालून यावं. पाच-सात मिनिटं जास्त लागतील, डॉक्टर खूशच होतील. सोबत कुणी कुत्रं घेऊन येत असेल तर या दोन महिन्यांत पट्टा सोडायचा नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. माळावरची पिल्लं जातात ती जास्त करून मोकाट सोडलेल्या कुत्र्यांमुळं.

भिंतीवरचं पिल्लू पुन्हा खाली पडलेलं दिसलं तर आईंनी हात लावायचा नाही. तुम्ही लावा, आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन, चेहरा झाकून. उचलून त्याच झाडाच्या जवळच्या फांदीवर ठेवायचं, घरी आणायचं नाही, दूध-भात भरवायचा नाही. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तरच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

उद्या सकाळी पहिल्या दिवशी तुम्ही आईंच्या बरोबर जा. त्यांच्या मागं दोन पावलं, छत्री तुमच्या हातात. गुलमोहर ओलांडला की छत्री त्यांच्याकडं द्या आणि तुम्ही मागं फिरा. परतताना तुम्ही एकट्या असाल, तेव्हा कावळा तुम्हाला काही करतो का तेवढं बघून मला कळवा.